मार्गस्थ मेंढा

मेंढा न्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कारण हल्ली आमच्या मेकनेसमध्ये ही गोष्ट जो कोणी सांगतो तो "मग उस्ताद अल्लालना वाटलं, मेंढा न्यावा" अशीच सुरुवात करतो. उस्ताद अल्लालना, म्हणजे मला, तसं काहीएक वाटलं नव्हतं. मला एवढंच वाटलं होतं की सकाळच्या गाडीनं कासाब्लांकाला जावं, चहा प्यावा, मुलगी मागावी, जेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी यावं. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठा प्रवास करायची हौस नसते. सगळं जग भिंतीवर टांगलेलं असतं, तेवढं पुरतं.

आमचा अन्वर कासाब्लांकात एका विमा कंपनीत आहे. तिथेच त्याला इब्तिसाम भेटली आणि दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलं. आईबापांच्या वाट्याला हल्ली रीतसर मागणी घालण्याचं काम उरलंय, म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायचा. तरी तो पेपर नीट लिहायला हवाच. मुलीचे वडील सी जिलाली, म्हणजे जिलालीसाहेब, बंदरावर कस्टममध्ये मोठे अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झालेले. "बाबा, ते बोलतात कमी, बघतात जास्त," असं अन्वरनं बजावलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक आडदांड, मिशाळ माणूस उभा राहिला, पाहुण्यांच्या पिशव्या उलट्या करून बघणारा.

आमच्या हिनं, राकियानं, तयारी चोख केली होती. साखरेचे सुळके, खजूर, मेंदी, अत्तर, रेशमी कापड, सगळं चांदीच्या तबकांत रचून झालं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरचे हाज बुअज्जा चहाला आले. हाज बुअज्जा पूर्वी फौजेत होते. कोणत्या लढाईत लढले ते कोणालाच ठाऊक नाही, पण सल्ला देताना ते अजूनही आघाडीवर असतात.

तबकांकडे बघून ते बराच वेळ गप्प बसले. हे त्यांचं गप्प बसणं आमच्या इमारतीत फार महागात पडतं.

"काय झालं, हाज?" राकियानं विचारलं.

"काही नाही, लल्ला राकिया. छान आहे. बारशाला न्यायला छान आहे."

"बारशाला?"

"कासाची माणसं ती! समुद्रावरची! रोज जहाजं बघतात. त्यांच्यापुढे चार सुळके साखर ठेवलीत तर म्हणतील, मेकनेसवाल्यांचा हात आखडता आहे. जिवंत काहीतरी हवं."

"जिवंत आम्ही दोघं जातोय की," मी म्हणालो. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

एवढ्यात वरच्या मजल्यावरची लल्ला तामो जिन्यातूनच ओरडली, "माझ्या भाच्यानं रबातला वासरू नेलं होतं गं! सासू अजून नाव काढते!" आमच्या जिन्यात कोणतंही बोलणं खासगी राहत नाही.

"वासरू जास्त होईल," राकिया विचार करत म्हणाली, आणि त्या क्षणी मी हरलो. बायको जेव्हा 'जास्त होईल' म्हणते तेव्हा 'थोडं कमी' आधीच ठरलेलं असतं.

अन्वरला फोन केला. तो कळवळून म्हणाला, "बाबा, त्यांचं घर पाचव्या मजल्यावर आहे! मेंढा ठेवायचा कुठे? बाल्कनीत?"

"लहान आहे तो, त्याला काय कळतंय," असं म्हणून राकियानं फोन ठेवला. लहान म्हणजे एकतीस वर्षांचा.

मेंढा हाज बुअज्जांनी निवडला. जनावर देखणं होतं, यात वाद नाही. वळणदार शिंगं, पांढरीशुभ्र लोकर आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, जणू सुरमा घालूनच बाजारात आलेलं. पण नजर अशी की शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची आठवण व्हावी. त्यानं मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तोंड फिरवलं. राकियानं त्याच्या गळ्यात गुलाबी रिबन बांधली. ती त्याला शोभत होती, त्याचंही मला वाईट वाटलं.

आता मेंढ्याला रेल्वेचं तिकीट मिळत नाही. म्हणून मिलूदचा टेम्पो ठरवला. मिलूद भाजी वाहतो, त्यामुळे त्याच्या टेम्पोला कायम कांद्याचा वास. वडीलधारं माणूस बरोबर हवं म्हणून हाज बुअज्जा निघाले. "मेंढ्याची जबाबदारी माझी," असं त्यांनी जाहीर केलं आणि निघताना पुढे मिलूदशेजारी जाऊन बसले. त्यांच्या पलीकडे राकिया, मांडीवर तबकं घेऊन. मागे, उघड्यावर, लग्नासाठी शिवलेला पांढरा, पायघोळ जलाबा घालून मी आणि मेंढा.

रबात येईपर्यंत आमच्यात अंतर होतं. रबातनंतर वळणं आली तसा तो माझ्या अंगावर रेलला आणि मग रेलूनच राहिला. शेजारून जाणाऱ्या एका बसमधल्या सगळ्या प्रवाशांनी आम्हाला हात केले. माझ्या वर्गातली दोन पोरं त्या बसमध्ये होती, हे मला सोमवारी कळलं.

कासाब्लांका जवळ आल्यावर मिलूदनं मागची काच सरकवून विचारलं, "उस्ताद, आता कुठे?"

इथे माझी चूक झाली, ती मी नाकारत नाही. सरळ पत्ता सांगायचा सोडून मी मानेनं वारा जोखला आणि म्हणालो, "समुद्र वायव्येला. समुद्र उजव्या हाताला ठेव."

"उजवीकडे कशाला? मी ओळखतो हे गाव," हाज बुअज्जा म्हणाले. "त्या ट्रकांच्या मागे चल. एवढे ट्रक चुकीच्या रस्त्यानं जातील का?"

ट्रक चुकीच्या रस्त्यानं जात नव्हते. ते बंदरात जात होते. आम्हीही गेलो. दोन्ही बाजूंना कंटेनर, पुढे कंटेनर, मागे भोंगा वाजवणारा कंटेनर, आणि मधे गुलाबी रिबन बांधलेला मेंढा. मागे फिरायला जागा नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं टेम्पोभोवती एक चक्कर मारली.

"हे काय?"

"मेंढा," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कागद?"

"आम्ही मुलगी मागायला चाललोय."

"जहाजानं?"

रस्ता चुकलो हे त्याला पटलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. जिवंत जनावर बंदराच्या हद्दीत शिरलं की कागदाशिवाय बाहेर पडत नाही, असा नियम. आत कागदाशिवाय कसं शिरलं, हा वेगळा विभाग. त्यानं आम्हाला एका कचेरीत पाठवलं. तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आयात की निर्यात?"

"भेट."

"भेट असा रकाना नाही."

"अहो, आम्ही रस्ता चुकलो."

"रस्ता चुकला असाही रकाना नाही. कत्तलीसाठी?"

"होय," हाज बुअज्जा म्हणाले.

"अहो, नाही!" राकिया म्हणाली. "म्हणजे आज नाही."

"मग पाळण्यासाठी?"

"पाचव्या मजल्यावर कोण पाळणार?" मी म्हणालो.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. मेंढा खिडकीबाहेरून आत बघत होता. दोघांची नजरानजर झाली आणि मला वाटतं त्यांचं काहीतरी जमलं, कारण बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा, उस्ताद. एकच रकाना उरतो. मार्गस्थ. कुठून तरी आला, कुठे तरी चाललाय, मधे इथे आहे. पण मार्गस्थ माल आज संध्याकाळच्या आत शहराच्या हद्दीबाहेर गेला पाहिजे. मान्य?"

त्या घटकेला त्यांनी मला मेंढा आणि मेंढ्याला उस्ताद लिहिलं असतं तरी मी मान्य केलं असतं. ठप्पा पडला. आम्ही सुटलो.

इमारतीपाशी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती. संगमरवरी पायऱ्या, काचेचं दार आणि दारात गणवेशातला वॉचमन. तो म्हणाला की इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा मादाम शफीका तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि ईद सोडून कोणतंही जनावर त्यांना खाली दारासमोर उभं राहिलेलं चालत नाही.

"वर चालतं?" मी विचारलं.

"वर नेलेलं मी पाहिलं नाही," वॉचमन म्हणाला आणि पाठ फिरवली. सज्जन माणूस.

जिना चढायला मेंढ्यानं साफ नकार दिला. ओढलं, ढकललं, हाज बुअज्जांनी त्याला फौजी हुकूम दिला. तो पहिल्या पायरीवर पुढचा एक पाय ठेवून एखाद्या स्मारकासारखा उभा राहिला. शेवटी लिफ्ट. आधी राकिया आणि हाज तबकं घेऊन वर गेले. मग लिफ्ट खाली आली आणि मी मेंढ्याला घेऊन आत शिरलो. दार मिटता मिटता एक गृहस्थ लगबगीनं आत घुसले. साठीचे, किडकिडीत, गळ्यात टाय, पायांत घरातल्या सपाता, हातात पुदिन्याची ताजी जुडी. त्यांनी मेंढ्याकडे पाहिलं, रिबनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कितवा?"

"पाचवा," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

लिफ्टच्या मागच्या भिंतीला भला मोठा आरसा होता. तो मी पाहिला नव्हता. मेंढ्यानं पाहिला. समोर दुसरा मेंढा, तीच शिंगं, तोच सुरमा, आणि शिवाय रिबनही तसलीच! कोणाही मानी पुरुषाला हे सहन झालं नसतं. तो मागे सरला, माझ्या पायावरून, आणि मग धाडकन पुढे गेला. आरसा फुटला, दिवा विझून पुन्हा लागला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली.

मेंढा अंग झटकून शांत उभा राहिला. त्याच्या दृष्टीनं तो जिंकला होता.

"लागलं नाही ना कोणाला?" गृहस्थांनी विचारलं. मग त्यांनी धोक्याची घंटा वाजवली, वॉचमनला हाक मारली, आणि वॉचमननं खालून ओरडून सांगितलं की माणूस बोलावलाय, जरा वेळ लागेल. गृहस्थ सपाता काढून कोपऱ्यात टेकले. "पाहुणे दिसता."

आणि मी बोलायला लागलो. सकाळपासून माझं कोणीच काही ऐकून घेतलं नव्हतं, मेंढा सोडून. आता समोर एक माणूस होता, शांत, सुसंस्कृत, हातात पुदिना असलेला. माझा बांध फुटला. मेंढा ही माझी कल्पना नव्हती इथपासून सुरुवात करून मी बंदरावर आलो, बंदरावरून कस्टमवर.

"मुलीचा बाप कस्टमवाला आहे हो. ही जमात तुम्हाला ठाऊकच असेल. पाहुण्यांच्या खिशात हात घालायला कमी करणार नाही."

"घालतात काही काही," गृहस्थ म्हणाले.

"आणि बायको! आमची ही फोनवर तिच्याशी बोलते तेव्हा मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. बंदरावरचा भोंगा परवडला!"

"ते मात्र खरं आहे," ते इतक्या चटकन म्हणाले की मला शंका यायला हवी होती. पण माणूस सहानुभूतीच्या धुंदीत असला की त्याला काही दिसत नाही.

"मग एवढ्या धास्तीनं आलात कशाला? मुलाला दुसरी मुलगी मिळाली नसती?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, मुलगी फार चांगली आहे! धास्ती वेगळीच आहे." मी मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. "मागायचं कसं, तेच मला येत नाही. बत्तीस वर्षं वर्गात बोलतोय, पण कोणाकडे काही मागितलं नाही कधी. एवढं भाषण पाठ केलंय, तेही आता आठवेल की नाही."

"म्हणून दाखवा की. वेळ आहे."

मी उभा राहिलो, जलाबा झटकला, घसा साफ केला. "आम्ही अल्लाहचे पाहुणे होऊन तुमच्या दारी आलो आहोत. मेकनेस हे डोंगरपायथ्याच्या सुपीक पठारावर वसलेलं प्राचीन नगर. तेथील हवामान समशीतोष्ण..."

"ही मागणी आहे की धडा?"

"सुरुवात भारदस्त असावी म्हणून..."

"मुलीच्या बापाला हवामान कशाला? तुमचा मुलगा कसा आहे ते सांगा."

भाषणात तसं काही नव्हतंच. "अन्वर ना? तो..." मी म्हणालो, "तो फसवत नाही कोणाला. लहानपणीसुद्धा खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे, अजून होतात. भांडण झालं की आधी तोच बोलायला येतो. स्वयंपाक येत नाही, पण भांडी घासतो. गेले वर्षभर तो घरी फोन करतो तेव्हा मागे एक मुलगी हसत असते. पूर्वी त्याचा फोन म्हणजे 'बरा आहे, जेवलो, ठेवतो.' आता तो बोलत बसतो. त्या मुलीमुळे माझा मुलगा माझ्याशी बोलायला लागलाय, साहेब. ते हसणं आमच्या घरी आलं तर आम्ही ते जपू. एवढंच मागायचंय मला."

गृहस्थ पुदिन्याचं एक पान खुडून बोटांत चुरत राहिले. "हेच बोला," ते शेवटी म्हणाले. "यात काही घालू नका."

तेवढ्यात वरून जिन्यातून धावत येणारी पावलं वाजली आणि अन्वरचा आवाज आला. "बाबा! बाबा, आत आहात ना? ठीक आहात ना?"

"ठीक आहे रे! काळजी करू नको, एक सज्जन आहेत सोबतीला."

वरची पावलं थांबली. "कसे दिसतात, बाबा?"

"कसे म्हणजे? टाय आहे, हातात पुदिना आहे."

मग अगदी बारीक आवाजात, "बाबा, तुम्ही त्यांच्याशी काही बोललात का?"

"सगळं बोललो," मी म्हणालो, आणि बोलता बोलता माझी नजर पुन्हा त्या पुदिन्याच्या जुडीवर गेली.

गृहस्थांनी सपाता पायांत घातल्या, टाय सरळ केला आणि हात पुढे केला. "मी जिलाली. पाचवा मजला."

मेंढ्यानं पुन्हा एखादी धडक मारून लिफ्ट थेट तळघरात न्यावी, अशी मी मनोमन प्रार्थना केली. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"आयुष्य कस्टममध्ये गेलं, सी अल्लाल. माणूस आपणहून पेटी उघडत असेल तर मधे बोलायचं नसतं." मग डोळे बारीक करून म्हणाले, "भोंग्याचं मात्र वर बोलू नका. ते आपल्या दोघांतच."

आम्हाला काढलं ते तिसऱ्या मजल्यावर, दार अर्धं उघडून. मेंढा पहिला बाहेर पडला आणि समोरच्या उघड्या दारातून मादाम शफीकांच्या घरात शिरला. तिथे काय झालं ते मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, ऐकलं. कुंडीतली एक वेल गेली, एवढं नक्की. मिलूदनं येऊन त्याला खाली नेलं. चढायला नकार देणारा तो मेंढा उतरताना नवरदेवासारखा डौलात उतरला.

वर लल्ला नजातनं आमचं स्वागत केलं. आवाज भोंग्याचा, पण मन मोठं. माझा जलाबा बघून तिनं काही विचारलं नाही, एक ओला टॉवेल आणून दिला. सगळे बसल्यावर मी मागणी घातली. लिफ्टमधली, हवामान वगळून. राकिया माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवरा असं काही बोलू शकतो हे तिला नवीन होतं. सी जिलाली जणू प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकत होते, फक्त मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सगळ्यांनी ओंजळी उघडल्या, फातिहा पढली गेली आणि इब्तिसाम चहा घेऊन आली. चेहऱ्यावरून कळत होतं की लिफ्टचा सगळा वृत्तांत तिच्यापर्यंत पोचला होता. ती हसू दाबत होती आणि कपांतला चहा हिंदकळत होता.

जेवायला बस्तीला होती, म्हणजे मासा आणि कोळंबी भरलेली पापुद्र्यांची परातभर कचोरी. हाज बुअज्जा ताट सरकवून म्हणाले, "लेकी, ज्याला पाय नाहीत ते जनावर मी खात नाही."

"हाज, कोळंबीला पाय असतात," इब्तिसाम म्हणाली. "मेंढ्यापेक्षा जास्त."

हाजनी क्षणभर विचार केला आणि मग दोनदा वाढून घेतलं. ही मुलगी आमच्या जिन्यात टिकणार, याची मला तिथेच खात्री पटली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण राकियानं हात पुसता पुसता सहज विचारलं, "मग साखरपुड्याची मेजवानी मेकनेसला कधी ठेवायची?"

"मेकनेसला?" लल्ला नजात म्हणाली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "इथे समुद्राकाठी हॉल आहे, आचारी माझ्या माहितीतला आहे."

"पहिली मेजवानी मुलाच्या गावी. आमच्याकडे रीत आहे."

"आणि आमच्या माणसांनी तिथे काय ऑलिव्हच्या झाडाखाली बसायचं?"

"बसून तर बघा. आमची सावली तुमच्या समुद्रासारखी खारट नसते."

"आमच्या समुद्राला नावं ठेवायची नाहीत हं! त्याच समुद्रावर तुमच्या मुलानं नोकरी धरलीय!"

"धरली ना? म्हणूनच म्हणते, मुलगा तर घेतलातच, आता मेजवानीही घ्या!"

हसत हसत सुरू झालेलं बोलणं कुठल्या क्षणी खरं झालं ते कळलं नाही. राकियाच्या डोळ्यांत पाणी आलं. लल्ला नजात उठून उभी राहिली. राकियानं पर्स जवळ ओढली. आमच्या घरी पर्स जवळ ओढली की मागून माणूसही ओढला जातो. अन्वरचे कान लाल झाले होते. इब्तिसामचं हसू पार विरून गेलं. मी सी जिलालींकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते. दोघांनाही दिसत होतं की लिफ्टमध्ये जे जमलं ते दिवाणखान्यात मोडतंय.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मादाम शफीका. एका हातात आरशाचा तुकडा, दुसऱ्यात वेलीचं उरलेलं देठ. "सी जिलाली, तो प्राणी खाली अजून आहे! तो इथे राहणार आहे का, एवढंच मला सांगा!"

सी जिलालींनी त्यांना आदरानं आत बसवलं आणि माझ्याकडे वळले. "सी अल्लाल, त्याचे कागद?"

मी खिशातून चुरगळलेला कागद काढून दिला. ठप्पा बघताच त्यांची पाठ ताठ झाली. निवृत्त माणसाला आपल्या जुन्या कचेरीचा शिक्का दिसला की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, पुन्हा वाचला.

"नजात," ते म्हणाले, "हा माल मार्गस्थ आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या शहरात तो उतरवता येत नाही, ठेवता येत नाही, कापता येत नाही, खाता येत नाही. संध्याकाळच्या आत हद्दीबाहेर."

"अहो, पण ती आपल्याला दिलेली भेट आहे!"

"भेट स्वीकारली. मेंढा आपला. पण ताबा मेकनेसला मिळेल. आपल्याला आपल्या मेंढ्याची मेजवानी करायची असेल तर मेंढा असेल तिथे जावं लागेल."

"असा कुठे कायदा असतो का?"

"तीस वर्षं मी काय करत होतो?" सी जिलाली म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असा कायदा आहे की नाही, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही.

"आणि ठेवायचाच असेल," मादाम शफीका देठ उंचावून म्हणाल्या, "तर समितीची बैठक बोलवावी लागेल!"

लल्ला नजातनं देठाकडे पाहिलं, मग पर्स छातीशी धरून बसलेल्या राकियाकडे पाहिलं. राकियाच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला इतकं हळू बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. "मुलगा फार लांब आलाय, असं वाटतं का गं?"

राकियानं मान हलवली.

"माझीही जाणारच आहे कुठेतरी," नजात म्हणाली. "बरं. मेजवानी तुमच्याकडे. पण लग्न इथे, समुद्राकाठी!"

"लग्न तुझंच गं," राकिया म्हणाली आणि पर्स खाली ठेवली. पुढच्या दहा मिनिटांत दोघी गळ्यात गळे घालून आचाऱ्यांना शिव्या देत होत्या. मादाम शफीकांना बस्तीलाचा मोठा तुकडा वाढला गेला. त्यांनी आरशाचा तुकडा बाजूला ठेवला आणि मेजवानीला यायचं कबूल केलं.

ऊन उतरायच्या आत आम्हाला निघायलाच हवं होतं. सी जिलाली म्हणाले, "पाच मिनिटं समुद्रावर थांबून जाऊ. सून नेताय, निदान तिचं माहेर तरी बघून जा." टेम्पोच्या मागे आता गर्दी झाली: मी, सी जिलाली टाय आणि सपातांसह, अन्वर, इब्तिसाम आणि मेंढा. लल्ला नजात पुढे राकियाजवळ बसली. हाज बुअज्जा मागे यायला तयार नव्हते, म्हणून ते टॅक्सीनं आले.

वारा भन्नाट सुटला होता. लाटा दगडांवर आपटून पांढऱ्या होत होत्या. दोघी विहिणी चपला हातात घेऊन थेट पाण्यात शिरल्या आणि पोरींसारख्या किंचाळायला लागल्या. अन्वर आणि इब्तिसाम दूर दगडांवर जाऊन बसले. मी आणि सी जिलाली काठावर उभे राहिलो.

"सी अल्लाल," ते समुद्राकडे बघत म्हणाले, "या बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी विचारायचो, काय घेऊन चाललात? एकही सुटला नाही माझ्या हातून. आज माझ्या घरातून सगळ्यात मोलाची गोष्ट जातेय, आणि मला काही विचारताच येत नाहीये."

मेकनेसचं हवामान सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही. वाऱ्यानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी येत होतं. समुद्राकाठी येतंच, तो साधा भूगोल आहे.

"अहो!" पाण्यातून राकिया ओरडली. "तिथे काय उभे राहिलात खांबासारखे? या ना!"

"जिलाली!" पाठोपाठ लल्ला नजातची हाक आली, आणि दूरवरचे समुद्रपक्षी उडाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी सपाता काढल्या. मी जलाब्याचा घोळ कमरेला खोचला. पहिली लाट घोट्यापर्यंत आली, दुसरी गुडघ्यापर्यंत. तिसरीनं आम्हा दोघांनाही एकदमच खाली बसवलं आणि दोन म्हातारे व्याही विहिणींसमोर तोंडात खारं पाणी घेऊन असे हसायला लागले की दगडांवरची मुलं धावत आली, आम्हाला उचलायला.